धोबीखान्याची राणी

पॅरिसमधल्या कालव्याकाठच्या धोबीखान्यात झेली लहानपणापासून कपडे धुवायची. तिथे वाफ इतकी दाटे की शेजारणीचं तोंड दिसायचं नाही, नुसतं बोलणं ऐकू यायचं. अशा वाफेत स्वप्नं बघायला फार बरं. झेलीचं स्वप्न एकच होतं. ईस्टरआधीच्या उपासांच्या मध्यावर शहरभरच्या धोबिणी आपापली राणी निवडत आणि मुकुट घालून तिला फुलांच्या गाडीतून मिरवत. साबणाने हात फुटलेल्या बाईला त्या एका दिवशी भले भले साहेब टोपी काढून सलाम करत. झेलीला तो दिवस हवा होता.

त्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी तिचंच नाव होतं. पण त्याच वर्षी शहराचं डोकं फिरलेलं. ड्रायफस नावाच्या ज्यू कॅप्टनला जर्मनांचा हेर ठरवून लांबच्या बेटावर डांबलं होतं. खरा हेर दुसराच होता हे उजेडात आलं, तरी लोक ऐकायला तयार नव्हते. ज्यू म्हटला की गद्दार, एवढं सोपं गणित. भाऊ भावाशी बोलेना.

झेलीच्या शेजारी फ्रोमेट धुवायची. जर्मन सीमेवरच्या अल्सासची, ज्यू. एका सकाळी ती हळूच म्हणाली, "त्या माणसाने काही केलेलं नाही." वाफेत सगळ्यांना ऐकू गेलं.

ओली चादर एकटीने पिळता येत नाही. जी जवळ असेल तिने न सांगता दुसरं टोक धरायचं, हीच तिथली रीत. त्या दिवशी फ्रोमेट चादर घेऊन उभीच राहिली. कुणी हलेना.

"झेली, तू मध्ये पडू नकोस हं," म्हातारी गोबेबाई म्हणाली. "शनिवारी मतं आहेत, लक्षात आहे ना?"

"आहे की."

झेलीच्या डोळ्यांपुढे ती फुलांची गाडी सावकाश चालली होती. चादरीतून पाणी ठिबकत होतं. झेली उठली आणि तिने टोक धरलं.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"चादर ओली आहे, बाई. किती वेळ ठिबकत ठेवायची?"

"अगं, उलटं फिरव," फ्रोमेट पुटपुटली. फ्रोमेट फिरवत होती त्याच बाजूला झेलीही तंद्रीत पीळ देत होती.

शनिवारी गोबेबाईची भाची राणी झाली. झेलीला एकच मत पडलं.

मिरवणुकीच्या दिवशी धोबीखाना ओस पडला. गरम पाणी सगळं दोघींचंच. लांबून बँड ऐकू येत होता.

"जाऊ दे गं," फ्रोमेट म्हणाली. "पत्र्याचा तर मुकुट."

"ठाऊक आहे मला," झेली म्हणाली. "पण मला हवा होता, फ्रोमेट. फार हवा होता."

आणि ती हमसून हमसून रडली. फ्रोमेटने आभार मानले नाहीत, पुन्हा समजूतही घातली नाही. बँड विरून जाईपर्यंत ती तिच्या शेजारी बसून राहिली.