स्वतःचं शेत कोरणारे चुलत सासरे

शेजाऱ्याचा बांध कोरून आपलं शेत वाढवणारी माणसं आमच्या शेवगाव भागात हवी तेवढी. पण दर नांगरटीला स्वतःचं शेत हातभर मागे सारून बांध वाढवणारा महापुरुष मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा चुलत सासरा निघाला. त्यांच्या बांधावर निरगुडी, तरवड, रानतुळस, एकदांडी, सगळी मंडळी बिनभाड्याने नांदायची. फवारणीचा पंप पाठीवर घेऊनही हे आपले दिवस मावळेपर्यंत बांधावरच बसून. का, तर फुलांवरच्या मधमाश्यांना औषध लागू नये. "माश्या घरी जाऊ द्या की!"

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी कृषी सहायक, म्हणजे स्वतः काही न पिकवता दुसऱ्याला सल्ला देणारा माणूस. वरून 'स्वच्छ बांध' स्पर्धेचा हुकूम आला. बांधावर झुडूप दिसलं की गुण कापायचे. सासऱ्यांना मी शून्य दिलं. एवढ्यावर थांबलो असतो तर अब्रू वाचली असती. पण ओढ्यापलीकडे सासुरवाडीने मला कसायला दिलेलं रान होतं, त्याचा बांध मी हौसेने पेटवला आणि राखेशेजारी उभं राहून फोटोही काढून घेतला.

त्या रानात बियाण्याचा कांदा होता. बायकोने सासर-माहेर दोन्ही घरांना बी कबूल केलेलं. गोंडे पांढरेशुभ्र फुलले, पण बांध जाळलेल्या रानाकडे मधमाशी फिरकेना. आणि माशी नाही तर बी नाही, हे परिपत्रकात कुठेच नव्हतं. शेवटी शून्य दिलेल्या सासऱ्यांनाच गाठलं.

"मामा, आता काय करू?"

"बोलवा की. तुमी सरकारी मानूस."

"चेष्टा नका करू."

"मग? माशी काय पान्याचा टँकर हाय व्हय, अर्ज केला की याया?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर मामा माझ्या रानात. जुन्या धोतराचं मऊ फडकं हातात, आणि एकेका गोंड्यावरून ते असं फिरवतायत, जणू पोराचं डोकं पुसावं. मला म्हणाले, "बघत काय ऱ्हायला, जावईबापू? फुलं हायती तवर आपुनच माश्या."

फुलं होती तोवर रोज सकाळी आम्ही दोघे माश्या झालो. येणारेजाणारे विचारायचे, "साहेब, मध कवा काढताय?" गोंडे निम्मेशिम्मे भरले; बायकोचा शब्द कसाबसा राहिला.

पुढे मी बांध मोकळा सोडला. फुलांच्या बांधालाही गुण असावेत, असं टिपण वर पाठवलं. साहेबांनी समासात 'तण' एवढंच लिहून परत केलं.

तिसऱ्या हंगामात माश्या आपणहून आल्या. मी सकाळभर हात मागे बांधून नुसता उभा. महिन्याने काळ्याभोर बियांनी गच्च भरलेला पहिला गोंडा तोडला. मामांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. गोंडा घेऊन निघालो खरा, पण कुणाला दाखवायचा ते घरी पोचेपर्यंत सुचलं नाही.