मधल्या रेषेवरची शपथ

आम्हा अकरा जणींना मैदानात ओळीनं उभं केलं होतं. जर्सीच्या नंबराप्रमाणे. सामना नव्हता, पंच नव्हते, शिट्टी नव्हती. तरी मैदानाभोवती सामन्याला जमतं तेवढंच माणूस जमलेलं. पोट्टे झाडावर चढून बसले होते. काही जणांनी मोबाईल वर धरले होते.

"एकेक जन समोर या," कृषी केंद्रवाले भाऊ म्हणाले. "मधल्या रेषेले हात लावा आन् सांगा."

काय सांगायचं तेही त्यांनीच सांगितलं. "सर मले बापासारखे हायेत. माह्यासंग कधी काई वाईट झालं नाई."

तीन दिवसांपूर्वी पोलिसांनी सरांना नेलं होतं. सर म्हणजे आमच्या कॉलेजच्या मुलींच्या कबड्डी संघाचे कोच. संघातल्याच कोणा मुलीनं तक्रार दिली होती. मुलगी अठराच्या आतली, म्हणून पोलीस नाव सांगत नव्हते, पेपरात नाव येत नव्हतं. गावाला हे सहन होईना. आपल्या सरांवर बालंट आणणारी कोण, हे गावाला कळलंच पाहिजे होतं. भाऊ क्रीडाप्रेमी मंडळाचे अध्यक्ष. बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं त्यांचं मोठं दुकान. आमच्या जर्सीवर पुढे कॉलेजचं नाव आणि पाठीवर त्यांच्या दुकानाचं.

कॅप्टन मी. नंबर एक. म्हणून पहिली मीच.

चढाईला जाताना मी त्या रेषेला हात लावून कपाळाला लावायची. देवळातही इतक्या मनापासून कधी वाकले नाही. त्या दिवशी वाकले, माती लागली बोटांना, आणि मी बोलले. सगळं, सांगितलं तसं. आवाज कापला नाही. टाळ्या पडल्या. गर्दीत माझे बाबा होते. ते प्रत्येक सामन्याला घरून स्टीलची थाळी आणि पळी घेऊन यायचे. माझी चढाई यशस्वी झाली की थाळी वाजवायचे. ती थाळी मारून मारून मधोमध चेपली होती. त्या दिवशीही त्यांनी ती वाजवली.

तक्रार मी केली होती.

गावाचं नाव सांगत नाही. अमरावतीकडचं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. नाव सांगितलं की बाकीची गावं सुटतात. आमचं खेडं तिथून चार कोसांवर. ज्या वर्षी सोयाबीन शेंगेतच कुजलं, त्या वर्षी आम्ही विभागात पहिल्या आलो. ज्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला, त्या वर्षी राज्यापर्यंत गेलो. वावरात नाही पिकलं पण मैदानात पिकलं, असं लोक म्हणायचे. पानठेल्यावर पावसाचं बोलणं नकोसं झालं की आमचं बोलणं निघायचं. सरांनी हाताखालच्या दोन मुली पोलिसात लावल्या होत्या. खेळाडूच्या सर्टिफिकेटवर सही त्यांची लागायची. आयाबाया त्यांना दुरून नमस्कार करायच्या.

दुखापत बघतो म्हणून ते खोलीचं दार लावून घ्यायचे. त्यापुढचं मी पोलिसांत सांगितलं आणि कोर्टात सांगितलं. इथे सांगणार नाही. लोकांना तेवढंच ऐकायचं असतं, आणि ऐकून झालं की म्हणतात, एवढंच?

तक्रार द्यायला माझ्यासोबत आई आली होती. बाबांना आम्ही सांगितलं, पाठीच्या डॉक्टरकडे जातोय. आई म्हणाली, "त्याईले सांगशील तर ते सराले जित्ता ठेवनार नाईत." मी मान हलवली. पण मला भीती वेगळीच होती. बाबा माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत, याची. आईलाही तीच असावी. आम्ही दोघींनी एकमेकींना ती बोलून दाखवली नाही.

तर अकरा जणींनी शपथ घेतली. बाराव्या नंबराची नसरीन आली नव्हती. ती आमची उजव्या कोपऱ्याची खेळाडू. घोटा धरायची तो सोडायची नाही. तिच्या खालाचं, म्हणजे मावशीचं, लग्न होतं, म्हणून आठ दिवसांपासून ती अकोल्याला होती. हे संघात सगळ्यांना ठाऊक होतं. सरांची परवानगी घेऊनच ती गेली होती. पण गर्दीला हिशेब सोपा हवा होता. अकरा आल्या, एक आली नाही. मग तीच.

"तरीच म्हटलं," कोणीतरी म्हणालं. "आपली पोट्टी असं करूच शकत नाई."

आपली म्हणजे कोण, हे विचारायची गरज कोणाला पडली नाही. मलाही नाही. खरं सांगते, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची लाज आजही माझ्या अंगावर आहे.

त्यानंतर मी माणसं वाचायला लागले. कोण माझ्याकडे दोनदा बघतो. कोण मी आल्यावर बोलणं तोडतो. एसटीत कंडक्टरनं "कॅप्टन, बसा" म्हटलं तरी मी त्याचा चेहरा तपासायची. मैत्रिणींवर तर जास्तच संशय. अकरा जणींपैकी अजून किती जणी माझ्यासारख्या खोटं बोलल्या? डब्बा खाताना मी एकेकीच्या डोळ्यांत बघायची. एकीनं एकदा नजर खाली घातली. मी विचारलं नाही. तीही बोलली नाही. आम्ही भाकरी खाल्ली.

नसरीनच्या अब्बांचं बसस्टँडासमोर गाद्या-रजयांचं दुकान होतं. तिघे भाऊ मिळून कापूस पिंजायचे. लगीनसराई तोंडावर होती. एका सकाळी एसटी स्टँडात शिरताना मला रस्ता पांढरा दिसला. कोणीतरी दुकानाबाहेरच्या गाद्या ब्लेडनं फाडल्या होत्या. कापूस रस्त्यावर, नालीत, चहाच्या टपरीवर. अब्बा उकिडवे बसून तो गोळा करत होते. शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही. मूठमूठ उचलून पोत्यात भरत होते. लोक अंगावरून जात होते. एक मोटारसायकल त्या कापसावरूनच गेली.

मला तिथेच उतरायचं होतं. मी उतरले नाही. कॉलेजच्या थांब्यापर्यंत बसून राहिले.

नसरीन परत कॉलेजला आली नाही. लोक म्हणाले, बघा, चोराच्या मनात चांदणं.

दीड महिन्यानं सरांना जामीन झाला. जामीन म्हणजे निकाल नव्हे, हे गावात सगळ्यांना कळत होतं. तरी गुलाल उधळला. मैदानात मंडप, फ्लेक्सवर सरांचा हात जोडलेला फोटो, वर लिहिलेलं, सत्याचा विजय. आदल्या दिवशी भाऊ आमच्या घरी आले. बाबांनी स्वतः खुर्ची पुसून दिली.

"कॅप्टननं ओवाळलं पायजे सराले," भाऊ म्हणाले. "सरांचीच इच्छा हाये तशी."

सरांचीच इच्छा.

भाऊ चहा पिऊन गेले आणि मी तिथेच भिंतीला टेकले. कारण आरोपीला तक्रारदाराचं नाव कळतं. कागद त्यांच्या वकिलाकडे असतो. सरांना पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं की तक्रार माझी आहे. माहीत असून त्यांनी गावाला नसरीनच्या मागे लागू दिलं. गाद्या फाटू दिल्या. आणि आता माझ्याच हातानं ओवाळून घ्यायचं होतं, फोटो काढून. तो फोटो कोर्टात दाखवला की माझी तक्रार संपली. भाऊंना हे ठाऊक होतं का? मला आजही शंका आहे. चहाची बशी ठेवताना ते माझ्याकडे जरा जास्तच गोड हसले होते.

पण त्या संध्याकाळी एक गोष्ट त्याहून जास्त झोंबली. नसरीन निर्दोष आहे हे सरांना माहीत होतं आणि मला माहीत होतं. सर गप्प होते. मीही गप्प होते. त्यांच्या आणि माझ्या गप्प बसण्यात नसरीनच्या अब्बांना काय फरक दिसणार होता? ज्या माणसाच्या विरोधात मी पोलीस ठाण्याची पायरी चढले, त्याच्याच ओळीत मी उभी होते. मला स्वतःची किळस आली. त्यांच्याबद्दल आली होती तेवढीच.

दुसऱ्या दिवशी ताट माझ्या हातात दिलं. निरांजन, कुंकू, सुपारी. सर खुर्चीत बसले होते. मी समोर गेले तेव्हा ते हळूच म्हणाले, "शाबास." चढाई मारून आल्यावर म्हणायचे तसंच. अगदी त्याच आवाजात.

मी ताट खाली ठेवलं. निवेदकाच्या हातून माईक घेतला. त्याला वाटलं, कॅप्टन दोन शब्द बोलणार.

"तक्रार मी केली हाये," मी म्हटलं. "नसरीननं नाई. मी. त्या दिवशी मी मैदानाची खोटी आन घेतली."

माईक बंद झाला. मी तेच पुन्हा ओरडून सांगितलं. कबड्डी खेळणाऱ्या पोरीचा दम असतो तो.

मग सुरू झालं.

"कोनं पढवलं वं तुले?"

"तवा खोटं बोलली का आता खोटं बोलून राह्यली?"

एक चप्पल आली, लागली नाही. ज्या बाया माझी दृष्ट काढायच्या त्यांतलीच एक मोठ्यानं म्हणाली, "अशा पोट्टीले घरात काहून ठेवलं?" गर्दीत बाबा दिसले. थाळी त्यांनी छातीशी धरली होती.

घराच्या दारात ते म्हणाले, "मले आदी काहून नाई सांगतलं?"

"तुमी थाळी वाजवत होते," मी म्हटलं.

ते आत गेले. आमचं या विषयावरचं बोलणं तेवढंच.

चार दिवसांनी मी नसरीनच्या घरी गेले. वाटलं होतं, ती गळ्यात पडेल, निदान रडेल. ती दारातच उभी राहिली.

"उस दिन मैदान में पहली तू थी ना?" ती म्हणाली. "पहलीच थी. तवाच बोलती तो?"

तिनं दार लावलं. जोरात नाही, सावकाश, कडी घालून. महिनाभरानं ते दुकान अकोल्याला गेलं.

खटला चार वर्षं चालला. त्या दिवशीच्या मोबाईलमधला व्हिडिओ सरांच्या वकिलानं कोर्टात लावला. मी मधल्या रेषेला हात लावतेय, सर मले बापासारखे हायेत. वकील म्हणाला, "यातलं खरं कोणतं?" संघातल्या दोघी साक्षीला यायच्या होत्या, आल्या नाहीत. त्यांच्यातलीच एक, डब्ब्यावर नजर खाली घालणारी. सर संशयाचा फायदा मिळून सुटले. संशय मी आयुष्यभर केला. फायदा त्यांना मिळाला.

बाबा दोन वर्षं मैदानाकडे फिरकले नाहीत. मग पुन्हा जायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, "खेळ पाह्यतो मी. मानूस नाई पाहत." मला वाटतं, त्या मैदानावरचे सगळेच तसे होते. आमच्यावर जीव टाकत होते, पण आम्ही माणसं आहोत हे त्यांनी कधी पाहिलंच नाही.

आता मी एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. माझ्या बारा मुली आहेत, मातीवर खेळतात. दार लावून दुखापत बघायची नाही, हा माझा पहिला नियम. गेल्या आठवड्यात क्रीडाप्रेमी मंडळाचं पत्र आलं. सरांच्या गौरवार्थ शालेय मुलींचे कबड्डी सामने. संघ पाठवावा. पाठवणार नसाल तर कारण लिहावं. कारणासाठी दोन ओळींची जागा.

मुख्याध्यापक चांगले गृहस्थ आहेत. म्हणाले, "मॅडम, परीक्षा हायेत म्हनून लिहून टाका. काहून उगा वाद वाढवता?"

दोन ओळींत मावलं नाही. मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. या माणसाविरुद्ध मी अल्पवयीन असताना तक्रार केली होती. ती खरी होती. मैदानात घेतलेली शपथ खोटी होती. तक्रार माझी असताना शिक्षा दुसऱ्या एका खेळाडूला आणि तिच्या घराला दिली गेली, आणि ती देणारे आज या सामन्यांचे आयोजक आहेत. म्हणून माझा संघ येणार नाही. खाली पूर्ण नाव, सही आणि त्या वेळचा जर्सी नंबर.

ते मी आधी माझ्या मुलींना वाचून दाखवलं. ओळीत उभं करून नाही, गोल बसवून. एक म्हणाली, "मॅडम, पन आमाले खेळायचं होतं." मी म्हटलं, मलाही खेळायचंच होतं. दुसरे सामने शोधू.

मुख्याध्यापकांनी कागद दोनदा वाचला. घाम पुसला. "मॅडम, कोर्टातून सुटलेला मानूस हाये. असं लेखी द्याल तर तो तुमच्यावर केस टाकंल."

"टाकू द्या," मी म्हटलं. "मग पुन्हा कोर्टात बोलता येईल. या वेळी पहिल्याच दिवशी खरं बोलीन."

त्यांच्या टेबलावरचा शिक्का मीच उचलला, पत्रावर मारला आणि पोस्टात टाकायला स्वतः गेले.