देवानंदाची पापणी

आष्टीत गिरण्या आणखीही आहेत, पण ज्वारी दळायला बायका देवानंदाकडेच येतात. जन्मापासून आंधळा माणूस. बोटांत चिमूटभर पीठ चोळून जाड की बारीक ते ओळखतो आणि त्या अंदाजाने गिरणी कसतो. गिरणी मालकाची, तोरा मात्र देवानंदाचा.

मिसरूड फुटलं तेव्हापासून त्याला निराधारांचं सरकारी अनुदान मिळतं. आधी पोस्टमन मनिऑर्डर आणायचा. पैसे वडील घ्यायचे, देवानंदाचा नुसता अंगठा निळा व्हायचा. मग बँकेत खातं निघालं आणि पासबुक धाकटा भाऊ प्रेम सांभाळू लागला. आता पैसे जमा झाले की बोलणारा फोन आधी देवानंदालाच सांगतो. इतक्या वर्षांनी का होईना, त्याचा पैसा त्याच्या हाती आला आहे. घरखर्चाला तो स्वतः देतो, म्हणून भावजयीकडे, सुमेधाकडे, दुसऱ्यांदा भाजी मागताना त्याची जीभ अडखळत नाही.

यंदा हयातीची पडताळणी निघाली. पिठात घासून बोटं गुळगुळीत झालेली. मशीन अंगठा घेईना. मग सेवा केंद्रातल्या गजाननने मोबाईल त्याच्या तोंडासमोर धरला. ॲपला पापणी मिटून उघडायला हवी होती. देवानंदाची पापणी कधी उघडलेलीच नाही. पुन्हापुन्हा करून पाहिलं, ॲप काही त्याला जिवंत मानेना. आणि हयात ठरला नाही, तर अनुदान बंद.

गजानन सोबत आलेल्या प्रेमला हळूच म्हणाला, "तुमचं दोघांचं तोंड एकच हाय. तूच मिटव ना डोळे. काम खतम."

प्रेम पुढे सरकलासुद्धा. भावाच्या भल्यासाठीच, पण देवानंदाला संताप आला. त्याने प्रेमचा दंड धरला.

"सारखं दिसत असंल, ते तुम्ही बघा. पण तू डोळे मिटवले तर जिता तू ठरशील. मंग माझं काय?"

"दादा, पैसे बंद पडतील."

"न्हाई पडत. मी सोता जाऊन उभा राह्यतो."

दुसऱ्या दिवशी दोघे एसटीने परतूरला तहसीलमध्ये गेले. खिडकीतला बाबू मान वर न करता म्हणाला, "ॲपवरच करा."

"साहेब, ॲपला न्हाई दिसलो. तुम्हाला तर बराबर दिसून राह्यलो ना? तेवढंच लिवा."

मागची रांग हसली. बाबूही हसला आणि आत गेला. नायब तहसीलदार बाई बाहेर आल्या, त्यांनी देवानंदाला नावगाव विचारलं आणि समक्ष पाहिल्याचं लिहून सही केली.

पुढचे दिवस प्रेमच धास्तावलेला होता. देवानंद खुशाल दळत होता.

एका सकाळी गिरणीच्या आवाजात फोन काहीतरी बोलला. देवानंदाने खटका बंद केला. दळणाचे डबे घेऊन आलेल्या बायका जवळ सरकल्या, दारात उभा असलेला प्रेमही. देवानंदाने फोन कानाशी धरून मेसेज पुन्हा ऐकला.

"आलं का, दादा?"

"आलं," देवानंद म्हणाला. "मला आलं."

आणि त्याने गिरणी सुरू केली.