वनिताचा आधीचा रक्तगट

आधीच सांगते, मी अमावास्येला बिनधास्त प्रवास करते आणि मांजर आडवं गेलं तर हॉर्न वाजवते. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन म्हणून माझं अर्धं आयुष्य गेलं. जे काचपट्टीवर दिसत नाही, ते मी मानत नाही. तरीही हे लिहायला बसलेय... तुम्हीच बघा काय वाटतं ते.

आमच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर आला तेव्हा मी खूश झाले. पेशंटची नोंद झाली की नंबराचं स्टिकर निघतं, ते रक्ताच्या नळीवर चिकटतं आणि रिपोर्ट थेट डॉक्टरांच्या स्क्रीनवर जातो. एकाच गावातून एकाच नावाच्या तीन-चार बायका येतात आमच्याकडे – पूर्वी जीव टांगणीला लागायचा. आता रक्तगट टाकला की कॉम्प्युटर तो त्याच पेशंटच्या जुन्या नोंदीशी ताडून बघतो. फरक असला तर लाल चौकट येते आणि रिपोर्ट पुढे जातच नाही.

त्या दुपारी वनिता आली. तलावाकाठच्या ढिवर वस्तीतली, पहिलटकरीण, दिवस भरलेले, ओठ पांढरेफटक. हिमोग्लोबिन उपकेंद्रातच पाहिलं होतं – फारच कमी. बाळंतपणाआधी रक्त चढवणं भाग होतं, म्हणून माझ्याकडे फक्त रक्तगट आणि पिशवीतल्या रक्ताशी जुळवणी आली. वॉर्डातून सिस्टरने नळी पाठवली. बी पॉझिटिव्ह. फ्रिजमध्ये बीची पिशवी होतीच. मी रिझल्ट टाकला.

लाल चौकट. आधीचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह, नमुना पुन्हा घ्या.

पुन्हा तपासलं. पुन्हा बी. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन – "मॅडम, पिशवी कुठे आहे? तिला कळा सुरू झाल्यात."

"कॉम्प्युटर अडवतोय."

"त्याचं नंतर बघू हो!"

मी फोन ठेवला आणि वॉर्डात गेले. वनिताचा हात सरळ केला. कोपरात सुईची खूणच नाही! दुसरा हात पाहिला, तोही कोरा. आणि शेजारी तिची सासू सखूबाई, कोपरात कापूस दाबून बसलेली.

"हे काय, बाई?"

"रगत देलं ना मी."

"तुम्ही काऊन?"

"अवो मॅडम, पोरीच्या आंगात पयलेच रगत नाई, अन् तुमी तिचंच काढून राह्यले! सिस्टरनं वनिताचं नाव घेतलं, मी हात पुढं केला. माह्यावालं तं मस्त लाल हाय."

सिस्टर म्हणाली, "गर्दी होती, मॅडम. डोक्यावर पदर होता, मी चेहरा पाहिलाच नाही..."

ओरडायला वेळ नव्हता. वनिताचं रक्त मी स्वतः काढलं. ओ पॉझिटिव्ह. बीची ती पिशवी चढली असती तर बाई हातची गेली असती – आणि नळीच सासूची, म्हणजे जुळवणीतही काही सापडलं नसतं. ओची पिशवी होती, ती चढवली. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. दोघी ठणठणीत.

मग मी ती जुनी नोंद बघायला बसले. नव्हतीच. वनिताचा नंबर त्याच दुपारी पडलेला. त्या नावाची दुसरी बाईही यादीत नाही. वनिताला विचारलं, तर म्हणाली, "रक्तगट? नाई जी, कधीच नाई पाह्यला. बोटातला थेंब घेतला होता, बस."

नागपूरचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, "मॅडम, जुनी नोंद नसेल तर चौकट येऊच शकत नाही."

"आली."

"स्क्रीनचा फोटो काढलात?"

"मी बाई वाचवत होते, फोटो कसले काढू?"

त्याने सगळं उकरलं. चौकट आल्याचा मागमूस नाही.

परवा ते बाळ सिकलसेलच्या तपासणीला आलं. मी नाव पुकारलं, तर सखूबाई ब्लाउजची बाही वर सरकवत पुढे – "बोला, हिचं घ्याचं का माह्यं?" अख्खी रांग हसली. सिस्टरसुद्धा. ती आता नाव विचारते, चेहरा बघते आणि मगच सुई उघडते.

"हिचंच घेणार," मी म्हटलं. "तुम्ही बाहेर बसा."

कॉम्प्युटर चांगलाच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. लाल चौकट आली की मी सरळ पेशंटचा हात बघायला जाते. पण त्या दुपारी वनिताचा रक्तगट त्याला कोणी सांगितला... ते मला आजही माहीत नाही.