दाळमिलच्या माळ्यावरचा बँड

आम्ही तिघं स्वतःला अंडरग्राउंड बँड म्हणवून घ्यायचो, पण सराव चालायचा लातुरात एका दाळमिलच्या माळ्यावर. मिल गिटारवाल्याच्या वडिलांची. खाली यंत्र सुरू असलं की आमचा गोंगाट बाहेर कुणाला कळत नसे, म्हणून मिल चालू असेल तेव्हाच वाजवायचं, हा आमचा नियम. अंगावर तुरीची धूळ, कानात धडधड. रॉकला आणखी काय लागतं, असं आम्हाला वाटायचं.

ड्रम माझ्याकडे होते. गाणारी माझ्याच कॉलेजातली, रेणापूरकडची. तिच्या घरी लपवाछपवी नव्हती. शेती बघणारा तिचा मोठा भाऊ तिला म्हणाला होता, "एकदा ऐकतो, मग ठरवू." नांदेडच्या एका कॉलेजात आमचा पहिला कार्यक्रम ठरला, तेव्हा तो येणार हेही ठरलं. त्यानं नको म्हटलं तर ती जाणार, आणि ती गेली तर बँड कसला?

हॉलमध्ये तो पुढेच हाताची घडी घालून बसला. मी काड्या आपटून सुरुवात दिली आणि पहिलं कडवं संपायच्या आत माझी लय सुटली. पायाखाली काहीच हादरत नव्हतं. इतके दिवस मी खालच्या यंत्राच्या ठेक्यावर वाजवत होतो आणि ठेका माझाच आहे असं धरून चाललो होतो. गिटारवाला माझ्याकडे बघायचा, मी त्याच्याकडे. शेवटी आम्ही दोघंही थांबलो.

ती थांबली नाही. एकटीच गात राहिली, सावकाश, न ओरडता. यंत्राच्या वर आवाज चढवायची गरज पहिल्यांदाच नव्हती. हॉल चिडीचूप झाला. आता भाऊ उठून जातो की काय, या धास्तीनं मी त्याच्यावरची नजर काढली नाही. त्यानं हाताची घडी सोडली, पुढे वाकला. मला वाटलं, सुटलो.

कार्यक्रम संपल्यावर तो माझ्याजवळ आला. "आवाज लई चांगला हाय हिचा," तो शांतपणे म्हणाला. "तुम्ही पोरं तो दाबून टाकत होता. आता हिला नीट गाणं शिकायला पाठवतो."

मी तिच्याकडे बघितलं. ती नाही म्हणेल असं मला वाटत होतं. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.