खिंडीतला धूर आणि शीतलचं स्थळ

आमच्या घरात माझ्या हाती आगपेटी देत नाहीत. देवापुढचा दिवासुद्धा बायको लावते आणि पेटी कमरेला खोचून निघून जाते.

तिसगावच्या आत, डोंगराच्या पायथ्याला माझे थोरले भाऊ अण्णा राहतात. त्यांच्या वस्तीवर मोबाईलला रेंज नाही. बोलायचं तर वरच्या खिंडीत जायचं. मागे पुतणीला, शीतलला, बघायला पाहुणे न कळवता आले (कळवणार कसे?), तेव्हा वहिनीचे हात शेणात आणि अण्णा बनियनवर. ते स्थळ गेलं. आता पाथर्डीचं चांगलं स्थळ येणार होतं आणि वहिनीला घास गोड लागत नव्हता.

"पाव्हनं खिंडीत आले का मला कळाया पायजे. पोहे गरम अन् पोरगी तयार. दुसरं काय बी नको."

इथे मी तोंड उघडलं. मी शाळेत इतिहास शिकवतो. त्याची फळं घरच्यांनी भोगायची असतात.

"वहिनी, तार नव्हती तेव्हा जग अडलं होतं का? गडावरून गडाला दिवसा धूर, रात्री जाळ. फ्रान्समध्ये टेकडीटेकडीवर मनोरे बांधून लाकडी हात हलवायचे. इंग्रजांच्या फौजा आरशाने ऊन पाडून बोलायच्या. मी खिंडीत बसतो. जीप दिसली की आरसा चमकवतो."

"मोटरसायकलवर येऊन सांग की," अण्णा म्हणाले.

"पाहुण्यांच्या पुढे मुलीचा काका धुरळा उडवत पळतोय, बरं दिसतं का?"

"तू कसाबी पळाला तरी बरा दिसत न्हाईस."

वहिनीने कपाटातला आरसा काढून दिला. "फुटला तर घरी येऊ नका, भावजी."

खिंडीत बसलो. दुपारी लांब वळणावर जीप दिसली. मी आरसा उचलला आणि त्याच क्षणी सूर्य ढगाआड गेला! (सबंध उन्हाळ्यात आमच्या भागाला एक ढग मिळतो. तो त्या दिवशी खर्च झाला.) आरसा हलवला, पुसला, सूर्याला चार शब्द सुनावले. जीप जवळ येत होती. मग म्हटलं, आरसा नाही तर धूर. मूठभर वाळलं गवत, वर ओला पाला, एक काडी. धूर झकास निघाला. पाठोपाठ वारा निघाला, आणि माझा निरोप शेजारच्या गवतात शिरला.

धुराचा अर्थ मी घरी सांगितला नव्हता. पण आमच्याकडे माळावरच्या धुराचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. वणवा म्हणून अख्खी वस्ती लिंबाचे डहाळे घेऊन धावत वर आली. पुढे इस्त्रीच्या सदऱ्यातले अण्णा, मागे पोह्याची कढई तशीच टाकून वहिनी, आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन आग झोडपत असलेली, नव्या साडीचा पदर खोचलेली शीतल.

तेवढ्यात जीप आली. नवऱ्या मुलाने उडी मारली, माझ्या हातातला डहाळा हिसकला ("सरका, तुमाला जमना") आणि शीतलच्या शेजारी उभा राहून झोडपू लागला.

आग विझली. सगळे काळे. मुलाची आई खोकत म्हणाली, "ह्ये पेटवलं कुनी?"

मी घसा खाकरला. फ्रान्सपासून सुरुवात करणार होतो.

"हाय एक येडं," अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले. "वस्तीवर पडून असतं. कुनाचं कोन, ठावं न्हाई."

मी वहिनीकडे पाहिलं. धाकटा दीर म्हणजे लेकासारखा.

"लई वर्सं झाली," वहिनी म्हणाली. "आमीच जेवू घालतो."

पुढचा कार्यक्रम मी गोठ्यामागून ऐकला. पोहे करपले होते. कुणी नाव ठेवलं नाही. मुलाची आई म्हणाली, "पदर खोचून पोरगी जाळात शिरली. आता चालून दाव, बोलून दाव, कशाला?" आणि सुपारी फुटली.

थोड्या वेळाने शीतल हसू दाबत गोठ्यामागे आली. "काका, सासूबाईंनी पेढे दिलेत. म्हनल्या, त्या गरिबाचं बी तोंड गोड करा."

"खरं सांगितलंस का त्यांना?"

"लग्न लागू द्या आधी."

सख्ख्या बापाच्या हातावर त्यांनी एकच पेढा ठेवला होता. मला दोन मिळाले. तेव्हापासून ठरवलंय, त्या घरात आपण काका म्हणून ओळख काढायची नाही.