दर रुमालाखाली, तक्रार उघड्यावर

नाना गेल्याचं मला दुकानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. त्यांच्या मुलानं सकाळी एवढंच टाकलं, ‘वडील गेले. माती दुपारी, घोडेगावातच.’ आणि त्याखाली... काही नाही. हात जोडलेलं एक चित्र नाही, एक ‘भावपूर्ण’ नाही. कुणाची टाप होती! ‘मेल्याच्या घरी जायचं आसतं, मोबाईलवर रडायचं नसतं,’ असं म्हणून नाना श्रद्धांजलीवाल्यांना ग्रुपबाहेर काढत. तेव्हा सगळे निमूटपणे दुपारी हजर झाले. मोटरसायकली लावायला रस्ता पुरेना. पण त्या दिवसापासून ग्रुप जो गप्प झाला, तो झालाच. माझ्या दुकानाचा निम्मा धंदा त्या ग्रुपवर चालायचा, त्यामुळे मला नानांची आठवण जरा जास्तच येते, हे आधीच सांगून टाकतो.

नाना म्हणजे माझ्या बायकोचे मामा. उभा जन्म जनावरांच्या बाजारात दलाली केली. गुडघ्यांनी दगा दिला तसे माझ्या पशुखाद्याच्या दुकानात येऊन बसायला लागले. खुर्ची माझी, चहा माझा, पेपर माझा आणि अक्कल त्यांची. मी गिऱ्हाइकांसाठी व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता, गोळीपेंडीच्या जाहिराती टाकायला. तो बघता बघता शुभ सकाळ आणि गुलाबाच्या फुलांनी भरून गेला. म्हटलं, म्हाताऱ्याला कामाला लावू, निदान माझं डोकं खायचं थांबेल.

‘नाना, तुम्ही ॲडमिन व्हा.’

‘म्हंजी काय करायचं?’

‘गिऱ्हाईक सांभाळायचं.’

‘मंग जलमभर दुसरं काय केलं, जावईबापू?’

त्यांनी ग्रुपचा सरळ बाजारच करून टाकला. बाजारात दलाल आणि गिऱ्हाईक हातावर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून दर ठरवतात, शेजारच्याला पत्ता लागत नाही. नानांनी नियम काढला, दर रुमालाखाली, तक्रार उघड्यावर. म्हणजे दर विचारायचा तर नानांना खासगीत फोन करायचा, बोंब मारायची ती सगळ्यांसमोर. कुणी गाय विकायला टाकली की फोटो समोरून, बाजूनं आणि दातांचा. लिहायचा त्यांना कंटाळा, सगळा कारभार आवाज पाठवून. ऐकणाऱ्याच्या हातातला मोबाईल दणाणायचा.

एकदा एका पाहुण्यांनी चुकून मुलाचा लग्नाचा बायोडाटा ग्रुपवर टाकला. नानांनी चष्म्याशिवाय फक्त वरच्या ओळी वाचल्या, ‘रंग गोरा, स्वभाव शांत, कष्टाळू.’ झालं! लगेच आवाज, ‘फोटो बाजूनं टाका. दाताला जुळलाय का, पुरा वयात आलाय का? चालीला कसा हाय? मारकुटा असंल तर आत्ताच सांगा.’ मी कपाळावर हात मारला. मुलाचे वडील तणतणत दुकानात आले. नाना शांतपणे म्हणाले, ‘बसा. च्या घ्या. पोरगा मारकुटा न्हाई ना? मंग झालं तर!’ गंमत म्हणजे ग्रुपमधल्याच एकानं त्या मुलाला आपली मुलगी दिली. ‘चौकशी नानांनी केलीच हुती,’ म्हणाला.

मग ती पेंडीची भानगड झाली. माल ओला आला, वस्तीवरच्या शांताकाकूंनी बुरशी धरलेल्या पोत्याचा फोटो टाकला आणि वर विचारलं, ‘तुमच्या घरी हे खात्यात का?’ मागोमाग सगळेच सुटले. माझ्या पायाखालची जमीन सरकली. ‘नाना, काढून टाका तो फोटो, आणि ग्रुप बंद करा. कुणाला लिहिताच येणार नाही असं करा!’

‘जावईबापू, तोंड दाबलं तर माणूस घरी जाऊन बोंबलतो. तिथं आपुन नसतो ना उत्तर द्यायला.’ आणि मला न विचारता बटण दाबून आवाज पाठवला, ‘चूक जावईबापूंची हाय. पोती बदलून मिळत्याल. टेम्पो जावईबापू पाठवत्याल.’ मी जाम भडकलो. माझंच दुकान आणि माझ्याच नावानं दानधर्म! दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना ते कळलंच नाही, कारण बोलायचे तेच. पण एक गिऱ्हाईक तुटलं नाही. उलट पलीकडच्या गावातली माणसं ग्रुपात आली, मालकाला उघड शिव्या देता येतात म्हणून.

आणि आता ही शांतता. समोर नवीन दुकान झालंय, माझी माणसं खाली मान घालून तिकडे जाताना दिसतात. खाद्य कंपनीचा पोरगा येऊन म्हणाला, ‘काका, ग्रुप आमच्याकडे द्या. मशीन आपोआप उत्तर देईल, “आपल्या प्रतिसादाबद्दल धन्यवाद” म्हणून.’ मी जवळजवळ हो म्हणालो होतो. बायको फणकारली, ‘मामांच्या जागी मशीन बसवताय? तुम्हाला तोंड नाही का?’ तोंड आहे हो. पण माझं ऐकायचं कुणी... नाना होते तोवर त्यांचा तो ग्रुपचा कारभार म्हातारपणाचं खूळ वाटायचा. आता वाटतं, दुकान त्यांचं होतं, मी नुसता गल्ल्यावर बसत होतो. फार आठवण येते त्यांची.

परवा भर दुपारी त्यांच्या खुर्चीत बसलो होतो. मोबाईल वाजला. ग्रुपवर शांताकाकूंचा आवाज, ‘सरकी पेंडीचं पोतं फाटकं दिलं. वाटंनं सांडत सांडत घरी आलं. कोन हाय का न्हाई तिथं?’

मला इतका आनंद झाला की मी बायकोला ओरडून सांगितलं, ‘अगं, तक्रार आली!’ मग नानांसारखं मोबाईल तोंडाशी धरून बटण दाबलं. शुद्ध बोलायचं ठरवलं होतं, पण भलतंच बाहेर पडलं. ‘हाय काकू. मी हाय. पोतं आत्ता घेऊन येतो.’

उत्तर लगेच आलं. ‘मंग इतके दिस कुठं मेला हुता?’